प्रोस्टेटची गोळी आणि 'ती' अडचण : कुणी बोलतच नाही, म्हणून हा धागा

निवांतनाना
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसतं वाचतोय, लिहिलं फार कमी. हे पण तीनदा टाइप करून खोडलं, मग म्हटलं इथं खरं नाव कुणाला माहितीये.

वय ५९. दोन वर्षं झाली, रात्री चार-चारदा उठायचं, धार बारीक, झालं एकदाचं असं वाटून चेन लावावी की आणखी दोन थेंब. सोनोग्राफीत प्रोस्टेट, म्हणजे मूत्राशयाखालची ग्रंथी, वाढून ५४ ग्रॅम निघाली. डॉक्टरांनी टॅम्सुलोसिन आणि ड्युटास्टेराइड अशी दोन औषधं एकाच कॅप्सूलमध्ये असलेली गोळी दिली, रोज रात्री एक. सांगितलं काय तर "सुरुवातीला चक्कर येऊ शकते, सावकाश उठत जा". संपलं.

चक्कर काही आली नाही. आठवड्यात धार सुधारली, रात्रीचं उठणं चारावरून दीडवर आलं (दीड म्हणजे कधी एक कधी दोन). पण बाराव्या-तेराव्या दिवशी बायकोबरोबर असताना सगळं नेहमीसारखं झालं, तो क्षण पण आला, आणि बाहेर काहीच नाही. कोरडं. मी दिवा लावून बघितलं म्हणे, असं बायको आता सांगते. दुसऱ्या दिवशी गोळीच्या डब्यातला तो घडीघडीचा कागद भिंग घेऊन वाचला, तिथं मुंगीएवढ्या अक्षरात एक ओळ होती.

आता चार महिने झालेत आणि मूळ इच्छाच मंदावल्यासारखी वाटतेय. हे गोळीचं, वयाचं, की मी डोक्यात घेतलंय म्हणून? कुणी डॉक्टरला विचारलंय का, आणि विचारताना नक्की काय बोललात? गोळी बंद करावी असं रोज रात्री मनात येतं. थट्टा केलीत तरी चालेल पण थोडी माहिती पण द्या.

तिरकस
नाना, थट्टेला परवानगी दिलीत तिथंच तुम्ही जिंकलात. मी ५२, अजून त्या रांगेत नाही पण रांगेचं शेपूट दिसायला लागलंय. बसतो इथंच.

पाचवामजला
नाना घाबरू नका, सहा वर्षं टॅम्सुलोसिनवर आहे. मला पण अगदी असंच झालं होतं. कसं सांगू, शिंक येते, चांगली जोरात येते, डोळ्यात पाणी येतं, पण नाक कोरडं. सुख असतं पण सही नसते खाली. पहिला महिना मला वाटायचं काहीतरी आत साचतंय, फुटणार एक दिवस. साचत बिचत काही नाही. मी एकदा दोन आठवडे डॉक्टरांना सांगूनच थांबवून बघितली, तीन-चार दिवसांत सगळं पूर्वीसारखं. मग रात्री पुन्हा पाच वेळा उठायला लागलो तेव्हा ठरवलं की झोप जास्त महत्त्वाची. हे आपलं माझं, प्रत्येकाचं वेगळं असेल.

औषधवाली
मी फार्मासिस्ट आहे, वीस वर्षं काउंटरच्या आतल्या बाजूला. हा प्रश्न मला आजवर थेट विचारलाय फक्त दोघांनी, बाकी सगळे "ह्यात दुसरी कुठली कंपनी नाही का" असं विचारतात आणि इकडेतिकडे बघतात. तेव्हा कळतं.

नाना, तुमच्या एका कॅप्सूलमध्ये दोन वेगळी माणसं राहतात, त्यांचे उद्योग पण वेगळे. टॅम्सुलोसिन म्हणजे अल्फा ब्लॉकर. प्रोस्टेट आणि मूत्राशयाच्या तोंडाशी जे स्नायू आवळून बसलेले असतात ते सैल करतं, म्हणून धार लगेच सुधारते. पण वीर्य पुढे ढकलायला आकसणारे स्नायू त्याच जातीचे, ते पण सैल पडतात. पूर्वी सगळे म्हणायचे की वीर्य उलटं मूत्राशयात जातं. नंतर अशा पुरुषांची लघवी तपासली तर तिच्यात शुक्रजंतू फारसे सापडले नाहीत, म्हणजे बऱ्याच जणांत उलटं जात नाही, मुळात सुटतच नाही. दोन्हीत शरीराला अपाय नाही. टॅम्सुलोसिन ०.४ मिलिग्रॅमवर चाचण्यांमध्ये साधारण ८ टक्के लोकांनी ही तक्रार केली, दुप्पट डोसवर १८ टक्के. सिलोडोसिन नावाचं भावंड आहे, त्यात तर २८ टक्के. अल्फुझोसिनमध्ये हे फार कमी.

ड्युटास्टेराइड आणि फिनास्टेराइड मात्र हार्मोनवाली. टेस्टोस्टेरॉन ह्या पुरुषी हार्मोनचं डीएचटी (त्याचंच जास्त जोरकस रूप) होऊ देत नाहीत, त्यामुळे ग्रंथी हळूहळू बारीक होते, गुण यायला सहा-सहा महिने जातात. इच्छा कमी होणं, ताठरता कमी होणं, वीर्य कमी होणं हे सगळं ह्यांच्याकडून. म्हणजे बाराव्या दिवसाचं कोरडेपण एकाचं आणि चौथ्या महिन्यातला निरुत्साह बहुतेक दुसऱ्याचं. आरोपी दोन आहेत, एकालाच फाशी देऊ नका.

तिरकस
फिनास्टेराइड म्हणजे ती केसांची गोळी ना? माझा मेहुणा घेतो. म्हणजे डोक्यावर उगवणार आणि खाली...

औषधवाली
@तिरकस तीच. प्रोस्टेटसाठी ५ मिलिग्रॅम, केसांसाठी १. मेहुण्याला घाबरवू नका पण सांगा.

ह्या औषधामागची गोष्ट मला फार आवडते, थोडं अवांतर होईल. १९७४ साली डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या काही कुटुंबांवर एक अभ्यास छापून आला. तिथे काही मुलं जन्मतः मुलीसारखी दिसायची, मुलगी म्हणून वाढायची आणि वयात येताना पुरुष व्हायची. त्यांच्यात डीएचटी बनवणारं एन्झाइम कमी होतं. मोठेपणी त्यांचं प्रोस्टेट लहानच राहायचं आणि टक्कल पडायचं नाही. तिथून डोक्यात आलं की हे एन्झाइम औषधानं अडवलं तर? अमेरिकेत १९९२ साली फिनास्टेराइड प्रोस्टेटसाठी आलं, केसांसाठी १९९७ला.

बाराचाठोका
मी जरा वेगळं बोलतो, राग नसावा. ६४ वय आहे. गोळी सुरू व्हायच्या आधी आपण सगळे तिशीतले होतो का? ज्याला लघवीचा त्रास आहे त्याला बिछान्यातल्या अडचणी पण जास्त असतात, हे मोठमोठ्या पाहण्यांत दिसलंय, आणि वय, साखर, बीपी वजा केलं तरी दिसतं. मग सगळं खापर गोळीवर का?

आणि दुसरं. २००७ साली इटलीत एक गंमत झाली. फिनास्टेराइड देताना निम्म्यांना सांगितलं की लैंगिक त्रास होऊ शकतो, निम्म्यांना काहीच सांगितलं नाही. सांगितलेल्यांत ४३ टक्क्यांहून जास्त लोकांनी तक्रार केली, न सांगितलेल्यांत १५ टक्के. गोळी तीच. त्यामुळे नानांनी तो कागद भिंग लावून वाचला तिथंच घोळ झाला असं माझं मत. मी कागद फाडून टाकतो, मला काही होत नाही.

पाचवामजला
@बाराचाठोका नाना कोरडे आधी झाले, कागद नंतर वाचला. धागा नीट वाचा की राव.

बाराचाठोका
बरं कोरडेपण सोडा. इच्छा कमी झाली ती तर कागद वाचल्यावरच ना?

मोडकीछत्री
हे "डोक्यातलं आहे" ऐकून ऐकून कान किटलेत. मी ४६ व्या वर्षी फिनास्टेराइड चालू केली, प्रोस्टेटसाठीच, घरात सगळ्यांना लवकर होतं. आठ महिन्यांत इच्छा शून्य. शून्य म्हणजे बायको समोरून गेली तरी भिंत आणि बायको सारखीच. बंद करून आता सव्वा वर्ष झालं, साठ टक्के आलंय परत, बाकीचं नाही. डॉक्टर म्हणाले इतक्या दिवसात शरीरातून गोळी निघून गेली, आता मानसिक. मी तेव्हा एक शब्द वाचलेला नव्हता हो, कुठला कागद आणि कुठलं काय.

आणि अमेरिकेच्या औषध नियामकानं २०१२ सालीच माहितीपत्रकात घालायला लावलंय की काहींना गोळी थांबवल्यावरही इच्छा कमी राहते. ते काय उगाच?

औषधवाली
दोघंही थोडे थोडे बरोबर आहात, म्हणून भांडण रंगणार.

ठोकाकाका, तुमच्या त्या अभ्यासात न सांगितलेल्यांपैकीही १५ टक्के उरतातच, त्यांचं काय? फिनास्टेराइडच्या चार वर्षांच्या मोठ्या चाचणीत पहिल्या वर्षी ताठरतेची तक्रार गोळीवाल्यांत ८ टक्के आणि खोट्या (औषध नसलेल्या) गोळीवाल्यांत ४ च्या आत. पुढच्या तीन वर्षांत नव्यानं तक्रार करणारे दोन्हीकडे सारखेच, ५ टक्के. म्हणजे पहिल्या वर्षाचा फरक खरा, आणि खोट्या गोळीवरही लोकांना होतं हे पण खरं.

मोडकीछत्रीदादा, तुमच्यासारखे कमी असतात पण असतात, आणि कुणाला टिकून राहील हे आधी ओळखायची काही तपासणी नाही. एक विचारते, मन उदास राहतं का? २०२५ मध्ये युरोपच्या औषध नियामकानं फिनास्टेराइडच्या गोळ्यांबाबत आत्महत्येचे विचार हा दुष्परिणाम म्हणून मान्य केलाय. बहुतेक नोंदी केसांच्या डोसवरच्या आहेत. पण तसं काही मनात येत असेल तर धाग्यावर नाही, आज घरात कुणालातरी सांगा आणि डॉक्टरकडे जा. इथं उत्तर नाही दिलंत तरी चालेल.

मोडकीछत्री
गेल्या वर्षी होतं. आता नाही. जातो महिन्यातून एकदा एकीकडे. विचारलंत, बरं वाटलं.

सावली
बायकांनी लिहिलं तर चालतं का इथं? लिहितेच.

आमच्या ह्यांना सिलोडोसिन चालू झालं. मला माहीतच नाही, म्हणजे गोळी माहितीये, तिचं हे काम माहीत नाही. ते आधी एकदोनदा गप्प गप्प झाले, मग रात्री उशिरापर्यंत टीव्ही, मग पाठ फिरवून झोपणं. सात महिने. मला वाटलं माझा कंटाळा आला. मी आरशात बघून स्वतःलाच नावं ठेवायचे. एकदा तर फोन तपासला त्यांचा, लाज वाटते सांगायला. त्यात काय सापडलं, तर शोधाशोध केलेली, "वीर्य बंद झाले कारण", "गोळीमुळे पुरुषत्व जाते का". वाचून आधी हसू आलं मग रडूच आलं.

मग मीच बोलले, की मला त्या दोन चमच्यांशी काही देणंघेणं नाही, मला माणूस पाहिजे. त्यांना काय वाटत होतं, तर मला कळेल आणि मी काय म्हणेन. सात महिने दोघंही आपापल्या कुशीवर एकच गोष्ट घेऊन जागे होतो.

नाना, तुमच्या बायकोला तो कागद वाचून दाखवा आधी. डॉक्टर नंतर.

तिरकस
सावलीताई _/\_ . आज थट्टा नाही.

निवांतनाना
ताई, कागद दाखवला. ती म्हणाली "एवढंच? मला वाटलं किडनी गेली."

तिरकस
आता थट्टा चालू.

अर्धविराम
माझी केस उलटी आहे. वय ४१, प्रोस्टेट फार वाढलेलं नाही पण धार अडते म्हणून सिलोडोसिन दिलं. आमचं मूल होण्यासाठी प्रयत्न चालू होते! पाच महिने आम्ही तारखा मोजतोय, थर्मामीटर लावतोय, आणि इकडे मालच सुटत नाही. मला वाटलं कमी झालंय, बायकोला कसं कळणार. गायनॅककडे सीमेन टेस्ट सांगितली तेव्हा डबीत द्यायला काही निघेना आणि तिथल्या बाईंनीच विचारलं, लघवीची काही गोळी घेता का. डोकं गरगरलं. यूरॉलॉजिस्टला फोन केला तर म्हणे मला सांगायला हवं होतं मूल हवंय म्हणून. अहो विचारायला कुणी हवं होतं? आता अल्फुझोसिनवर आहे, सगळं मार्गी. बीपी थोडं खाली जातं, आंघोळीतून उठताना धरून उठतो.

रातपाळी
गोळी स्वतःच्या मनानं बंद करणाऱ्यांसाठी माझी कथा. मी पण याच कारणानं बंद केली, कुणाला न सांगता. दोन महिने मस्त. मग सर्दी झाली, नाक मोकळं करणारी साधी गोळी घेतली, दोन दिवस. दुसऱ्या रात्री लघवीला बसलो, येईना. नळ सोडला, शिट्टी वाजवली, पोटावर गरम पाण्याची पिशवी. पहाटे तीनपर्यंत पोट मडक्यासारखं टणक, घाम, उभं राहवेना. दवाखान्यात नळी घातली तेव्हा लिटरभराच्या वर निघालं. त्या नर्सचे पाय धरावेसे वाटले. चार दिवस पिशवी मांडीला बांधून फिरलो. सर्दीच्या गोळीत स्यूडोएफेड्रिन असतं ते मूत्राशयाच्या तोंडाला आणखी आवळतं, हे मला नळी घातल्यावर समजलं.

कोरडं परवडलं बाबांनो.

झाडपाला
सॉ पाल्मेटो (एका पामच्या फळांचा अर्क) घ्या सगळ्यांनी, नैसर्गिक, साइड इफेक्ट शून्य. मी वर्षभर घेतोय.

औषधवाली
साइड इफेक्ट कमी हे खरं, इफेक्ट पण तसाच. २०११ साली छापून आलेल्या चाचणीत तिप्पट डोसपर्यंत नेऊन बघितलं, खोट्या गोळीपेक्षा काही वेगळं झालं नाही. तुम्हाला बरं वाटत असेल तर आनंदच आहे, पण रातपाळींसारखं तुंबणाऱ्यानं त्यावर विसंबू नये.

भिंगवाला
थोडं अवांतर पण उपयोगी. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं असेल तर डोळ्याच्या डॉक्टरांना टॅम्सुलोसिन घेतो (किंवा पूर्वी घेत होतो) हे आधीच सांगा. बाहुलीचा पडदा ऑपरेशनमध्ये लिबलिबीत होतो, २००५ पासून हे माहितीये. आधी कळलं तर ते तयारीनं बसतात. आयत्या वेळी गोळी थांबवून फायदा होतोच असं नाही. माझ्या वडिलांनी सांगितलं नव्हतं, टेबलावर धावपळ झाली. म्हणाले, "डोळ्याला आणि खालच्याला काय संबंध?"

बाराचाठोका
डोळ्याचं माहीत नव्हतं, माझं पुढच्या महिन्यात आहे. धन्यवाद. बाकी माझ्याकडे आनंदाची बातमी, ड्युटास्टेराइडवर पीएसए (प्रोस्टेटच्या कॅन्सरची शंका तपासायची रक्ततपासणी) ४.४ वरून ३.१ आला. सगळं उत्तम.

औषधवाली
ठोकाकाका, किती दिवस झाले गोळीला?

बाराचाठोका
वर्ष.

औषधवाली
मग उड्या मारू नका. ह्या गोळ्यांनी पीएसए सहा महिने ते वर्षात निम्म्यावर यायला हवा, म्हणून आलेला आकडा दुप्पट करून वाचतात. तुमचा ३.१ म्हणजे ६.२ धरायचा. लगेच काही वाईट आहे असं मुळीच नाही पण रिपोर्ट घेऊन जा, आणि गोळी घेतो हे तोंडानं सांगा, रिपोर्टवर ते लिहिलेलं नसतं. तो कागद फाडता ना तुम्ही, त्यात होतं हे.

बाराचाठोका
जातो. परवाच जातो.

पाचवामजला
ऑपरेशनचा विषय निघालाच नाही. माझ्या मोठ्या भावानं गोळीला कंटाळून दुर्बिणीतून करून घेतलं, की आता गोळी नाही तर कोरडेपण पण नाही. कुणी सांगितलंच नव्हतं की त्या ऑपरेशननंतर बहुतेकांचं वीर्य कायमचं मूत्राशयात जातं. आता वहिनी म्हणते आगीतून फुफाट्यात. वाफेनं करतात किंवा क्लिपा लावतात ते प्रकार आहेत म्हणे, त्यात हे बहुधा शाबूत राहतं, पण प्रत्येक प्रोस्टेटला चालत नाहीत.

निवांतनाना
सगळ्यांचे आभार, हे पाच आठवड्यांनंतर लिहितोय.

डॉक्टरकडे गेलो. तोंडानं जमणार नाही माहीत होतं म्हणून चिठ्ठी लिहून नेली, "१. कोरडे. २. इच्छा कमी. ३. बंद करू का?" आणि टेबलावर सरकवली. ते वाचून काही हसले नाहीत, म्हणाले बरं झालं सांगितलंत, लोक गोळी बंद करून सहा महिन्यांनी नळी लावून येतात. (रातपाळी, तुमची आठवण आली.) मी म्हटलं तुम्ही विचारलं का नाही? त्यांनी ड्रॉवरमधून तो सात प्रश्नांचा फॉर्म काढला, ज्यात ३५ पैकी मार्क देतात, माझे २१ होते. सात प्रश्न सगळे लघवीचे आणि आठवा असंच जगावं लागलं तर कसं वाटेल असा. ह्यात एकही प्रश्न बिछान्याचा नाही, ते स्वतःच म्हणाले.

मग हृदयाचं काही आहे का, नायट्रेटची गोळी किंवा जिभेखाली ठेवायची गोळी घेता का, हे तीन-तीनदा विचारलं. नाही म्हटल्यावर टॅम्सुलोसिन काढलं, ड्युटास्टेराइड एकटं ठेवलं कारण ग्रंथी मोठी आहे, आणि टॅडालाफिल ५ मिलिग्रॅम रोज. तीच ती, जाहिरातीतली ताठरतेची, पण छोट्या डोसमध्ये लघवीसाठी पण देतात, अमेरिकेत २०११ पासून मान्य आहे. मेडिकलवाल्या पोरानं चिठ्ठी बघून माझ्याकडे असं बघितलं की म्हटलं बाबा, प्रोस्टेट आहे, प्रोस्टेट.

सहाव्या दिवशी कोरडेपण गेलं. पूर्वीएवढं नाही, निम्म्याच्या आसपास. ते ड्युटास्टेराइडचं, असं डॉक्टर म्हणाले. इच्छा अजून म्हणावी तशी नाही. ती गोळी बंद केली तरी रक्तातून जायला महिने लागतात म्हणे, म्हणून वर्षाअखेर मोजमाप करून ठरवायचं. रात्री दोनदा उठतोय, दीडवरून दोन झालं, चालेल.

औषधवाली
उत्तम. ड्युटास्टेराइड चालू आहे तोवर रक्तदान नाही, आणि थांबवलंत तरी पुढचे सहा महिने नाही. घरात कुणी गरोदर असेल तर गळकी कॅप्सूल तिच्या हाताला लागू देऊ नका.

सावली
नाना, आणि बायको काय म्हणाली?

निवांतनाना
पॅसेजमधला दिवा रात्रभर चालू ठेवायला लागलीये, मी धडपडू नये म्हणून. आणि परवा म्हणाली, उठलाच आहेस तर मला पण पाणी आण.

तिरकस
दोन वेळा?

निवांतनाना
तेवढं गुलदस्त्यात राहू दे.

बाराचाठोका
पीएसए पुन्हा केला, तज्ज्ञांनी एमआरआय सांगितलाय. डोळ्याच्या डॉक्टरांना पण सांगितलं. आणि हो, डब्यातला कागद वाचला. बायकोच्या भिंगानं.